खिदमत शिकावी लागते

ख्रिस्ती माणूस रुग्णसेवा करतो म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, ‘यामागं हेतू काय?’ उठता-बसता संशय झेलणारे आम्ही मुसलमानही हाच प्रश्न विचारतो. याचं उत्तर धाराशिव जिल्ह्याच्या वेशीवरच आहे.

भूम-परांड्याच्या शिवेला लागून जामखेड तालुका. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले. मोठं हॉस्पिटल बांधून रुग्णांची वाट पाहत ते बसले नाहीत. गावांनी निवडून दिलेल्या बायकांना त्यांनी शिकवलं. यातल्या कित्येक दलित, कित्येक निरक्षर. बाळाचं वजन करणं, सुरक्षित बाळंतपण, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाची ओळख, सगळं त्या शिकल्या. दुष्काळात हातपंप घ्यायचे ठरले, तेव्हा ते दलित वस्तीत घेतले गेले. पाणी हवं तर गावानं तिथं यावं! १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मत्तयच्या शुभवर्तमानात भुकेल्याची, आजाऱ्याची सेवा ही खुद्द येशूची सेवा ठरते. ‘सहीह मुस्लिम’मधली एक हदीसही जवळपास हेच सांगते. आजारी बंद्याकडं न फिरकलेल्याला अल्लाह कयामतच्या दिवशी जाब विचारणार आहे. म्हणजे आरोळे ज्या श्रद्धेनं जगले, ती आपल्याला परकी नाही.

फरक अमलात आहे. आपण रमजानात जकात काढतो, आजाऱ्याच्या उशाशी बसून दुआ करतो. ते हवंच. पण त्याच आजाऱ्याचा रक्तदाब कोण मोजणार? त्यानं गोळ्या मध्येच सोडल्या का, हे पुढच्या आठवड्यात कोण विचारणार? खिदमतीला नियत लागते, तशी शिकवणीही लागते.

धाराशिव, नळदुर्ग, परांड्याच्या मोहल्ल्यांत चार-चार बायकांना हे शिकवायला फार पैसा लागत नाही. जकातीचे हकदार ठरलेले आहेत, त्यांच्या वाट्याला हात न लावता सदक्यातून एवढा खर्च सहज निघेल. मात्र एक अट हवी. या बायकांनी शेजारच्या मातंगवाड्यात, पारध्यांच्या पालावरही तितक्याच हक्कानं जावं. आपल्यापुरती केलेली सेवा बिरादरीची सोय असते, तिला इबादत म्हणू नये.