हाड जुळले, पण पाठ?

ऑस्टिओपोरोसिसने ठिसूळ झालेला मणका मोडला, तर तो बहुधा दोन-तीन महिन्यांत जुळतो. तरीही घरातील आजी पोळ्या लाटता लाटता मध्येच भिंतीला टेकतात. मग ‘आता कसले दुखणे?’ असा सूर घरात उमटू लागतो. वाचकहो, हा सूर अन्यायाचा आहे.

असा मणका बहुतेकदा पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा होतो आणि त्याच दबलेल्या आकारात जुळतो. पाठीला बाक येतो, उंची घटते आणि देह सावरून धरताना पाठीचे स्नायू दिवसभर शिणतात. हाड सांधल्यावर उरणारी वेदना पुष्कळदा या शिणाची असते. ती खरीच असते.

यावर अंथरूण धरून राहणे हा उपाय नव्हे. त्याने हाडे व स्नायू अधिकच क्षीण होतात. कामाचे तुकडे करावेत, मध्ये थोडा वेळ आडवे व्हावे, रोज चालावे, पाठीला बळ देणारे व्यायाम जाणकाराकडून शिकावेत. कमरेत वाकून बादली उचलू नये. नेहमीचे डबे कमरेच्या उंचीवर ठेवावेत. एक मणका दबला की दुसरा दबण्याचा धोका वाढतो. म्हणून वेदना शमली तरी हाडांचे औषध परस्पर सोडू नये. अकस्मात नवी कळ आली, पायांतील शक्ती जाऊ लागली वा लघवीवरचा ताबा सुटला, तर तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

उरलेले काम घरच्यांचे. पाटाऐवजी टेकायची खुर्ची पुढे करावी, आणि ‘दुखते’ म्हटले की विश्वास ठेवावा.