गॅलाथियाची वाळू

ग्रेट निकोबार बेटावरील गॅलाथिया बे येथील नियोजित बंदराचा विषय निघाला की दर हंगामात कासवांची किती घरटी आढळतात, हा प्रश्न आधी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे; मोजमाप मात्र अपुरे आहे.

येथे अंडी घालणारे लेदरबॅक हे आजच्या समुद्री कासवांपैकी सर्वांत मोठे. मादी रात्री वाळूत चढते, मागच्या वल्ह्यांनी खोल खड्डा खणते आणि साठ ते शंभर अंडी घालून परतते. नऊ-दहा दिवसांनी ती पुन्हा येते, हंगामात अनेकदा. त्यानंतर मात्र दोन-तीन वर्षे ती सहसा फिरकत नाही. साहजिकच एका वर्षाची गणना समूहाचा केवळ एक अंश दाखवते, आणि तोही दरवर्षी बदलणारा. आज सगळी पिल्ले नष्ट झाली तरी प्रौढ माद्या कित्येक वर्षे येत राहतील व आलेख ठणठणीत दिसेल.

शिवाय वाळू म्हणजे नुसती जागा नव्हे. कासवांत लिंग ठरते ते उबवणीच्या मधल्या टप्प्यातील तापमानावर. सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या वर माद्या अधिक, खाली नर अधिक. ओलावा, सावली, वाळूचा रंग, सारेच या हिशेबात येते. बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाकडे धावतात. किनाऱ्यावरील दिवे त्यांना उलट दिशेला नेतात.

२००४ च्या त्सुनामीने हे किनारे उद्ध्वस्त केले, तरी वाळू परतली आणि कासवेही परतली, असा दाखला दिला जातो. तो खरा आहे, पण येथे गैरलागू आहे. तेव्हा लाटांना वाळू पुन्हा आणून टाकण्याची मोकळीक होती. लाटरोधक बांध नेमकी तीच वाहतूक बदलतो, तीही कायमची.

जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने येथील अभयारण्याचा दर्जा काढण्यास संमती दिली. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या केंद्राच्या सागरी कासव कृती आराखड्यात हा किनारा महत्त्वाचा म्हणून नोंदलेला आहे! पुढे लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी अभयारण्य योजले गेले. ते स्वागतार्ह, पण अधिसूचना माद्यांना वाचता येत नाही. त्या बहुधा ओळखीच्याच परिसरात परततात.

निदान बांधाचा पहिला दगड पडण्यापूर्वी सलग काही हंगाम घरट्यांतील तापमान, पिल्लांचे प्रमाण आणि वाळूची हालचाल मोजून ती आकडेवारी सर्वांसाठी खुली करावी.