बलुतं नको, शेजार हवा

केस कापायला हल्ली किती पैसे पडतात हा विषय पारावर निघाला की आमच्या वयाचे कुणीतरी हमखास म्हणते, "गुरुजी, जुनी बलुतेदारीच बरी होती!"

मला हे पटत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' (१९१५) वाचून पाहावे. न्हाव्याने वर्षभर हजामती करायच्या आणि सुगीत खळ्यावर धान्य न्यायचे. रोकड लागत नसे हे खरे. पण ते काम जातीने गळ्यात पडलेले. शिवाय तो वस्तरा दलितांच्या डोक्याला लागत नसे, हे सोयीस्कर विसरायचे! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, ही मोठीच गोष्ट म्हणायची.

२०२० च्या टाळेबंदीत जूनअखेरपर्यंत सलून बंद होती. तेव्हा आमच्या काष्टीतही घरोघरी कात्र्या निघाल्या. शेजारचा मुलगा तेव्हापासून माझे केस कापतो, मी त्याच्या आईचे बँकेचे फॉर्म भरून देतो. पेन्शनीतले चार पैसे वाचतात, शिवाय शनिवारच्या बैलबाजारातल्या बातम्या बसल्या जागी कळतात. कधी तो "गुरुजी, आज जमणार नाही" म्हणतो. बलुत्यात असे म्हणायची सोय कुठे होती?

गावातल्या सलूनवाल्याचे गिऱ्हाईक मात्र मी तोडलेले नाही. सुट्टीत नातवंडे आली की त्यांना घेऊन तिथेच जातो, आणि पैसे रोख देतो.