वाडीतला वकील आणि शिष्यवृत्तीचा हप्ता

मा. आयुक्त,
आदिवासी विकास, महाराष्ट्र राज्य, नाशिक



मावळ तालुक्यातल्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी घरांतून जी मुलं-मुली यंदा कायद्याच्या पदवीला प्रवेश घेऊ पाहतील, त्यांच्या शिष्यवृत्तीबद्दल हे पत्र आहे. ते खुलं लिहिलं आहे, कारण एखाद्या अडकलेल्या अर्जाची ही तक्रार नव्हे. वाडीतून वकील का निघत नाही, हा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तराचा बराच भाग आपल्या विभागाच्या हातात आहे.

पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ. या खोऱ्यांत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आधी टाटांची वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही धरणं आली, मग सरकारचं पवना आलं. लोणावळ्याच्या आसपास बंगले उठले, पवनेच्या काठाने तंबू लागले, वाड्या आणखी वर सरकल्या. या प्रत्येक फेरात कागद झाले: साठेखत, खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, फेरफार. तो कागद वाचून दाखवणारा माणूस वाडीच्या बाजूने बसलाय, असं क्वचितच घडलं.

कायदा वाडीच्या विरोधात आहे असं मुळीच नाही. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ देत नाही. गेलेली जमीन परत मिळवून देणारा १९७४ चा कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा आहे. पण वनहक्काच्या दाव्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आणि कातकऱ्यांच्या कितीतरी घरांखालची जागाच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. त्यात मावळ अनुसूचित क्षेत्रात नाही. पुणे जिल्ह्यात ते संरक्षण जुन्नर आणि आंबेगावच्या काही भागाला आहे, म्हणून पेसा कायद्याची ग्रामसभा इथे हाक मारायला नाही. जे काही भांडायचं ते वडगावच्या कचेरीत आणि कोर्टात, एकेका प्रकरणात, स्वतःच्या माणसाने भांडायचं.

भांडायला आपल्याच समाजातला वकील हवा, हा विचार जगात दुसरीकडेही झालेला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका जिल्ह्यात पंचवीस वर्षांत सुमारे ६,००० जण ज्युरीवर बोलावले गेले, त्यांत एकही मेक्सिकन वंशाचा नव्हता. हे १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं ते गस गार्सिया आणि कार्लोस कडेना या त्याच समाजातल्या वकिलांनी, आणि ते जिंकले. पण असे वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. म्हणून १९६८ मध्ये सॅन अँटोनियोत या समाजाचा कायदेशीर संरक्षण निधी उभा राहिला तेव्हा फोर्ड फाउंडेशनने दिलेल्या २२ लाख डॉलरपैकी अडीच लाख डॉलर थेट त्या समाजातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवले गेले. खटले लढायचे तर लढणारे घडवायला हवेत, हा हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी मांडला.

आपल्याकडे तर याचा दाखला घराजवळच आहे. तळेगाव दाभाड्यात बाबासाहेब आंबेडकरांचं घर होतं, आज ते स्मारक म्हणून जपलं आहे. बाबासाहेबांचं शिक्षण शिष्यवृत्तीवर झालं हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. ती शिष्यवृत्ती मध्येच संपली होती, हे मात्र कमी वेळा सांगितलं जातं. सयाजीराव गायकवाडांच्या मदतीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलं, आणि बडोद्याच्या त्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परत आले. मग बडोद्यातली ती अपमानाची नोकरी, सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, पगारातून मागे टाकलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राचं उसनं; एवढं जमल्यावर १९२० मध्ये पुन्हा लंडन. त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याची तीन वर्षं हप्ता थांबल्याने गेली.

बॅरिस्टर झाल्यावर पुढे काय झालं ते घाटाखाली, जवळच घडलं. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातल्या चिरनेरच्या अक्कादेवी डोंगरावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. त्या प्रकरणाच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये बॅरिस्टर आंबेडकर होते. कातकऱ्याचं रक्त सांडलं त्या खटल्यात शिष्यवृत्तीवर शिकलेला वकील उभा राहिला, ही गोष्ट आपल्या विभागाच्या प्रत्येक शिष्यवृत्ती कक्षात माहीत असायला हवी.

आता आजचा अर्ज. कामशेतच्या वर एखाद्या ठाकरवाडीतली मुलगी बारावी कला शाखेतून पास झाली, कायद्याची सीईटी दिली आणि पुण्याच्या कॉलेजात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला तिला जागा मिळाली, असं धरू. प्रवेशाच्या फेरीत जागा पक्की करायला दिवस मिळतात मोजके. तेवढ्यात जातीचा दाखला, जात वैधता, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, रेशनकार्ड, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं एवढं हाताशी हवं. मग महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या. कुठे फोटो अस्पष्ट, कुठे उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष मागचं, की अर्ज परत. ‘सेंड बॅक’ झाल्याचं तिला कळतं ते ती पुन्हा सेतू केंद्रावर आली तर, कारण मोबाइलला वाडीत रेंज नसते.

या सगळ्यात जड कागद जात वैधतेचा. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद काढावी लागते. आजोबा शाळेत गेले असते तर शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा मिळाला असता. ते गेले नाहीत. राहतो तो गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाकडची जन्ममृत्यूची वही. ती मोडीत लिहिलेली. ती सापडली, फाटली नसली, आणि वाचणारा भेटला, तर तिथे पणजोबांच्या नावापुढे एखादा शब्द असतो: ठाकर, ठाकूर, का. ठाकूर, म. ठाकूर. हाच शब्द मुलीचं पुढचं आयुष्य ठरवतो. ठाकूर हे आडनाव इतर जातींतही आहे, म्हणून संशय. संशय आला की प्रकरण पडताळणी समितीच्या दक्षता पथकाकडे. पथक विचारतं तुमचे देव कोणते, लग्नात काय करतात, बोली कशी. वास्तविक अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या यादीत पुणे जिल्ह्यातले जे मोजके तालुके नाव घेऊन ठाकरांचे म्हणून दिले होते, त्यात मावळ होता. क्षेत्राचं ते बंधन १९७६ च्या दुरुस्तीने काढलं ते राज्यभर विखुरलेल्यांसाठी. मावळातल्या ठाकराला तर आधीपासूनच शंकेचं कारण नव्हतं.

पडताळणी नको असं कोणी म्हणत नाही. खोटे दाखले घेऊन आदिवासींच्या जागा बळकावल्या गेल्या आहेत. १९९४ साली महादेव कोळी दाखल्याच्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पडताळणी समित्यांची पद्धत घालून द्यावी लागली, ती योग्यच होती. पण त्याच न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी, ठाकूर जमातीच्या संघटनेने नेलेल्या प्रकरणात, देव, रूढी, बोली विचारून घेतली जाणारी आप्तसंबंधाची चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. शिकलेलं, शहरात राहिलेलं पोर जुन्या रूढी विसरलं म्हणून त्याची जमात बदलत नाही. हा निकाल समितीच्या टेबलावर किती उतरला, हे आपणच पाहू शकता.

इथे एक साधी गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावीतच वैधतेच्या मागे लागायला शाळा सांगते. कला शाखेतल्या मुलीला हे कोणी सांगत नाही, आणि कायद्याला बहुतेक तिथूनच जातात.

पैशाकडे वळू. शिष्यवृत्तीला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तिच्या आत या वाड्या सहज बसतात. वसतिगृहात जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. योजना सुरू झाली तेव्हा पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. राहण्याचे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये पडतात, त्यात पुण्यात एक कॉटही मिळत नाही. म्हणून मुलगी लोणावळा लोकलने रोज ये-जा करते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या दरांत कायद्याची पदवी दुसऱ्या गटात होती. घरून येणाऱ्याला निर्वाहभत्ता महिन्याला ५३० रुपये. त्यातून पुस्तकं घ्यायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा या तिन्हींच्या जागी नवे कायदे आले. वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुनी पुस्तकं घेऊन शिकायची सोय एका दिवसात गेली. भारतीय न्याय संहितेचं पुस्तक नवंच घ्यावं लागतं.

रक्कम थोडी आहे, हे एक. ती केव्हा येते, हे त्याहून मोठं. कॉलेजला शुल्क प्रवेशाच्या आठवड्यात हवं असतं, खोलीवाल्याला अनामत पहिल्या दिवशी. हप्ता सहामाही उलटून आला तर तोवर घरातली शेळी विकलेली असते, किंवा वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडायला घरचे कोणी ना कोणी हंगामभर भट्टीवर जातात. २०२४ साली मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्याने गेली. सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेष अधिकार वापरून ती परत दिली. प्रत्येक वाडीतल्या मुलीला दिल्ली गाठता येणार नाही.

पदवीनंतरचं वळण तर शिष्यवृत्तीच्या नकाशातच नाही. वकिलीची सनद घ्यायची तर अधिवक्ता कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये शुल्क आहे, इतरांना ७५०. तरी देशभरच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बंद करायला सांगितलं. ती अडचण सरली, पण ज्युनिअर वकिलाला पहिली दोन-तीन वर्षं हातात जवळजवळ काही पडत नाही. ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे तोच तेवढा काळ कोर्टात टिकतो. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये होतकरू वकिलांना तीन वर्षं दरमहा ५,००० रुपये द्यायला सुरुवात केली होती. महाराष्ट्रात निदान आदिवासी पदवीधरांसाठी तरी, आपल्याच तालुक्याच्या कोर्टात काम करायच्या अटीवर, अशी मदत आपला विभाग सुरू करू शकतो. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन विशेष दुर्बल जमाती. त्यांच्यापासून सुरुवात करावी.

आणि अंतराचं काय? मावळाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. लोणावळ्याहून तळेगाव, चाकण, राजगुरुनगर, मंचर करत तिथे पोचायला शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. एका सहीसाठी जाणाऱ्याची मजुरी बुडते, आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसऱ्या दिवसाचीही.

म्हणून मागणं हे आहे. कायद्याची प्रवेश फेरी जाहीर होताच प्रकल्प कार्यालयाने, पडताळणी समितीने आणि तहसील कार्यालयाने वडगाव मावळला एकत्र शिबिर घ्यावं. दाखले तिथेच द्यावेत, अर्ज तिथेच भरून घ्यावेत, त्रुटी असेल तर त्या दिवशीच सांगावी. अर्ज पात्र ठरला की निम्मी रक्कम प्रवेशाच्या महिन्यात खात्यावर जमा व्हावी, छाननी उरली असेल तर उरलेल्या निम्म्यासाठी चालू राहावी. कला शाखेच्या अकरावीच्या वर्गात आश्रमशाळांनी आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी वैधतेचे अर्ज भरून घ्यावेत, असं परिपत्रक निघावं.

शिबिराची तारीख वडगाव, कामशेत आणि लोणावळ्याच्या बसस्थानकांवर मराठीत, ठळक अक्षरांत लावावी. आणि त्या दिवशी कोतवालाच्या वह्या बाहेर काढून, मोडी वाचता येणारा एक माणूस सोबत बसवावा.

कळावे,

मावळ तालुका, जि. पुणे