जांभ्याचा अंगरखा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं जुन्या गोव्यास जाऊन बॉम जेझूस बॅसिलिकेचें दर्शन घेतलें असेल. ज्यांनीं घेतलें नाहीं, त्यांनीं तिचें चित्र तरी पाहिलें असेल. तिचा तांबडा, उघडा दर्शनी भाग आतां सर्वांच्या डोळ्यांस इतका सरावाचा झाला आहे कीं, तो प्रथमपासून तसाच असावा असें वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. हें मंदिर १५९४ सालीं बांधावयास घेतलें व १६०५ सालीं त्याचें पवित्रीकरण झालें. तेव्हांपासून सुमारें साडेतीनशें वर्षें त्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० नंतरच्या दशकांत पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखालीं तो काढून टाकण्यांत आला. तो पुन्हां चढवावा कीं नाहीं, याविषयीं आज वाद आहे. चढवावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

याचीं कारणें समजण्यास या मंदिरांतील दगडांची ओळख करून घेतली पाहिजे. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा चौथरा संगमरवर व यास्फे या रंगीत पाषाणांचा आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो यानें तो फ्लॉरेन्स येथील शिल्पकार फोजिनी यांजकडून करविला, आणि १६९८ सालीं तो गोव्यांत आणून उभारण्यांत आला. दर्शनी भागावरील कोरीव नक्षी काळ्या दगडाची आहे. हा दगड त्या काळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत असलेल्या आपल्या वसईकडून समुद्रमार्गें आणला. या दोन्ही पाषाणांकडे प्रेक्षकांचें लक्ष सहज जातें. परंतु सगळा भार ज्यानें उचलला, तो तिसरा दगड म्हणजे कोंकणांतील घरोघरचा जांभा होय.

जांभ्याचा गुण लोकांस ठाऊक आहे. खाणींत तो मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज पडतात. वारा लागला म्हणजे तो कठीण होतो. स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस बुकानन यांनीं १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. मात्र तो सच्छिद्र असतो. त्यावर बारीक नक्षी टिकत नाहीं, म्हणूनच वसईचा दगड आणावा लागला. त्याच्या छिद्रांत पाणी शिरतें, शेवाळ धरतें, आणि दगड हळूहळू झिजूं लागतो. गोव्यांत वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जुन्या गवंड्यांना हें कळत होतें. चुन्याचा गिलावा पावसाचा मारा स्वतः सोसतो, भिंतींतील ओल बाहेर जाऊं देतो, आणि झिजला म्हणजे नवा करतां येतो. तो शोभेचा लेप नव्हता. तो जांभ्याचा अंगरखा होता.

याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, व ते हंसून उडवून देण्याजोगे नाहींत. पहिला असा कीं, आतां सत्तर वर्षें लोकांनीं हेंच तांबडें रूप पाहिलें आहे. १९८६ सालीं जुन्या गोव्याचीं मंदिरें जागतिक वारशाच्या यादींत आलीं, तीं याच रूपासह. दुसरा असा कीं, नवा गिलावा वाईट केला तर तो लाभापेक्षां हानीच अधिक करील. दुसरा आक्षेप आम्हांस पूर्ण मान्य आहे. सिमेंट ओल आंत कोंडून ठेवतें. म्हणून काम चुन्याचेंच व जाणत्या कारागिरांच्या हातचेंच पाहिजे. परंतु पहिला आक्षेप आम्हांस पटत नाहीं. डोळ्यांची संवय हा दगडाच्या आयुष्याहून मोठा विचार नव्हे. समोरचें से कॅथेड्रल पांढऱ्या गिलाव्यांत उभें आहे. म्हणून त्याचें जुनेपण कोणास कमी वाटतें काय?

जवळच्याच टेकडीवर संत ऑगस्टीन मंदिराचा बुरूज आहे. तोही जांभ्याचाच. १८३५ सालीं तें मंदिर ओस पडलें; १८४२ सालीं त्याची छताची कमान कोसळली; १९३१ सालीं दर्शनी भाग व बुरुजाचा अर्धा हिस्सा खालीं आला. तेथें केवळ गिलावाच नव्हे, छप्पर आणि देखरेख हीं दोन्ही गेलीं होतीं, हें खरें. तरी निगा सुटल्यावर पाऊस जांभ्याचें काय करतो, तें तेथें कोणासही पाहतां येतें.

विद्यार्थिमित्रहो, पुढें तुम्ही त्या मंदिरांत जाल तेव्हां समाधीचा संगमरवर अवश्य पाहा. पण बाहेर येऊन भिंतीच्या एखाद्या चिऱ्याजवळही क्षणभर थांबा. फ्लॉरेन्सचा पाषाण छपराखालीं सुरक्षित आहे, आणि त्या छपराचा भार हा गांवठी दगड सव्वाचारशें वर्षें वाहत आहे. त्याचें उघडें अंग आपणांस सुंदर दिसतें एवढ्यासाठीं त्याला पावसांत उभें ठेवणें न्याय्य नव्हे. त्याचा अंगरखा त्याला परत मिळावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.