हृदयाला झटका देणारे अभियंते

‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संघटनेची पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शाखा पस्तिशीच्या आतल्या अभियंत्यांना रिचर्ड बास यांच्या नावाचा पुरस्कार देते. आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला? कारण विजेला हवे तसे वळवण्याच्या याच शास्त्रावर आमचा डिफिब्रिलेटर चालतो. हृदय नुसतेच थरथरू लागले, की जुन्या यंत्राने ३६० ज्यूलचा एकाच दिशेचा झटका द्यावा लागे. आता काही मिलिसेकंदांत प्रवाह उलटवला जातो आणि बहुधा १२० ते २०० ज्यूल पुरतात. एमआरआय, एक्स-रे यांतही हेच शास्त्र. सरकारी रुग्णालयात मात्र पॉवर सप्लायचे एक कार्ड जळले, की कंपनीच्या माणसाची वाट पाहत यंत्र झाकून पडते. डॉक्टरांच्या रिक्त पदांवर आम्ही ओरडतो, ते योग्यच. पण ते कार्ड दुरुस्त करणाऱ्या अभियंत्याचे पद कोणीच मागत नाही.