झुंजारची लाज बाळगू नका

मराठी चित्रपटांचे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकार यांस,


पावसाआधी कौले चाळायला माणूस लावला होता. त्याच्या निमित्ताने मीही माळ्यावर चढलो, तेव्हा पत्र्याची जुनी ट्रंक हाताला लागली. आत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतले झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप आणि तळाशी इंद्रजाल कॉमिक्सचे दहा-बारा अंक. बहुतेक पुस्तकांची शेवटची पाने उंदरांनी नेलेली. खुनी कोण, ते आता त्यांनाच ठाऊक. शिडी धरून उभ्या असलेल्या शेजारच्या कॉलेजातल्या पोराने एक मुखपृष्ठ उलटसुलट पाहिले आणि विचारले, "सर, याच्यावर पिक्चर नाही आला?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कामाची आहे. सत्तरच्या दशकात आमच्या किन्हवली गावात ही पुस्तके एसटीने येत. ओळखीचा एक कंडक्टर कल्याणच्या स्टँडवरून दोन-तीन घेऊन यायचा आणि मग एकेक पुस्तक सगळ्या आळीत फिरायचे. लावणी आटोपली की रात्री आमच्या ओटीवर कंदिलाभोवती पंधरा माणसे बसत. वाचता येणारे त्यांत चार. मी सातवीत होतो, मोठ्याने वाचायचे काम माझ्याकडे. पोथी वाचताना मी अडखळायचो, झुंजार वाचताना कधी नाही. पुढे मास्तरकी केली तेव्हा कळले असे का व्हायचे. ते गद्य तोंडाने वाचण्यासाठीच बेतलेले असावे असे होते. वाक्य आखूड, प्रकरणाच्या शेवटी दार वाजते किंवा दिवा विझतो, आणि कोण बोलतोय हे कधी विचारावे लागत नाही. दिवा विझला त्या जागी मी मुद्दाम थांबायचो. तेवढ्यात कुणीतरी विडी पेटवायचा आणि कोपऱ्यातली म्हातारी म्हणायची, "अरं वाच ना मुडद्या!"

तुमच्या भाषेत बोलायचे तर पटकथा तयारच होती. साहित्यिकांनी या पुस्तकांकडे नाक मुरडले, ते मी समजू शकतो. पण तुम्ही का मुरडता? हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा अर्नाळकर हा माणूस (टोपणनावातले अर्नाळे आमच्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातले), ज्याच्या नायकांना रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्याने चेहरा दिला, तो 1996 साली गेला. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्या बाराशेच्या वर. ते 2021 मध्ये गेले. एवढ्या ऐवजातून पडद्यावर काय आले, ते तुम्हीच मोजा. सुहास शिरवळकरांचेच पाहा. त्यांच्या 'दुनियादारी'वर 2013 मध्ये तुम्ही सिनेमा केला, तो गर्दीने चालला. पण त्याच लेखकाचा दारा बुलंद तुम्हाला दिसला नाही. कॉलेजचा कट्टा प्रतिष्ठित, आणि मारामारी करणारा नायक मात्र रद्दीतला!

जे केलेत त्याबद्दलही बोलतो. 'फास्टर फेणे' 2017 च्या दिवाळीनंतर लागला तेव्हा मी आसनगावहून लोकल पकडून कल्याणला जाऊन पाहिला. भा. रा. भागवतांचा फेणे म्हणजे काही रद्दीतला नायक नव्हे, तो घराघरातला. पण जुन्या नायकाचे काय करावे, हा प्रश्न त्याच्याबाबतीतही तोच. आदित्य सरपोतदारांचा सिनेमा चांगला होता, अमेय वाघ चपळ होता, आणि दिलीप प्रभावळकरांना खुद्द भागवत म्हणून समोर आणायची कल्पना सुचली त्याला माझा नमस्कार. तरीही परतीच्या गाडीत एक खंत राहिली. फुरसुंगीचा बनेश फेणे शाळकरी होता. सायकलवरचा काटकुळा पोर, मोठ्यांच्या जगात शिरतो आणि मोठ्यांना घाबरत नाही, ही त्यातली गंमत. तुम्ही त्याला वयाने वाढवलेत आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यामागे लावलेत. मोठा माणूस मोठ्या गुन्हेगाराला पकडतो, त्यात फेणेने 'ट्टॉक्' करण्यासारखे काय आहे? दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनचा फेणे पोरगाच होता, म्हणून तो आठवतो. 'चिंटू'च्या बाबतीत तुम्ही हे बरोबर ओळखलेत. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांच्या रोजच्या चित्रपट्टीतला मुलगा 2012 च्या सिनेमातही मुलगाच राहिला.

इंद्रजालचा वेताळ हे माझे दुसरे उदाहरण. ली फॉकचा हा नायक 1936 मधला अमेरिकन. पण मराठी भाषांतरकाराने त्याला वेताळ म्हटले आणि तो आमच्या गावचा झाला. आमच्याकडे वेताळ वेशीबाहेर शेंदूर लावून बसतो, अमावास्येला त्याच्या वाटेने कुणी जात नाही. तेच नाव जांभळ्या कपड्यांतल्या माणसाला मिळाल्यावर आम्हा पोरांना काही समजावून सांगावे लागले नाही. 1996 मध्ये हॉलीवूडने बिली झेनला घेऊन 'द फँटम' केला. तो तिथे फारसा चालला नाही. मी तो पुढे कधीतरी टीव्हीवर पाहिला आणि मला आवडला, कारण त्या लोकांनी ना त्याचा जांभळा पोशाख बदलला, ना 1938 चा काळ. पुढे 2012 मध्ये त्याच हॉलीवूडने एडगर राइस बरोजच्या मंगळावरच्या नायकावर अफाट पैसा लावला आणि सिनेमाच्या नावातून मंगळच काढून टाकला. 'जॉन कार्टर' एवढेच उरले. कोण हा कार्टर, कुणाला कळणार? सिनेमा आपटला. स्वतःच्याच नायकाची लाज वाटली की असे होते.

याउलट बंगाल पाहा. सत्यजित राय यांनी 1967 मध्ये उत्तम कुमारला ब्योमकेश केले, पुढे 'सोनार केल्ला'मध्ये स्वतःच्याच फेलूदाला पडद्यावर आणले. जगात ज्याचे नाव होते त्या दिग्दर्शकाला गुप्तहेरकथा हलकी वाटली नाही, आणि बंगाली लोक आजही दोघांचे सिनेमे काढत आहेत. आणि आपले? नारायण धारपांच्या कथेच्या बीजातून 'तुंबाड' उगवला, पण हिंदीत. राही अनिल बर्वे यांनी तो 1918 पासून स्वातंत्र्यापर्यंतच्या काळात ठेवला, वाडा जुना ठेवला, पाऊस थांबू दिला नाही. 2018 मध्ये लोकांनी दुर्लक्ष केले. 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. काळ हलवला नाही म्हणून तो शिळा झाला नाही, असे माझे मत.

म्हणून विनंती एवढीच की झुंजारच्या हातात मोबाइल देऊ नका. त्याला चाळीसच्या दशकातल्या मुंबईत राहू द्या. ट्राम, गॅसचे दिवे, युद्धाचा अंधार, काळा बाजार, गोरे पोलीस अधिकारी. आणि पाठलाग करायचाच असेल तर तो आमच्याकडे करा. मुंबईहून निघालेला आग्रा रोड शहापूरवरून कसाऱ्याला जातो, डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात, जंगल अजून थोडे शिल्लक आहे. त्याच दिवसांत स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडून मुंबईची वीज तोडत होता. 2 जानेवारी 1943 ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. ती माणसे खरी, झुंजार कल्पनेतला. त्यांची सरमिसळ करा असे मी मुळीच म्हणत नाही. एवढेच म्हणतो की रात्री दरोडेखोरांना लुटणाऱ्या माणसाच्या गोष्टी त्या काळातल्या वाचकाला का पटल्या, हे कळायला हा मुलूख पाहावा लागेल. कायदा परक्यांचा असला की कायद्याबाहेरचा भला माणूस लोकांना जवळचा वाटतो. तो काळ काढून घेतलात तर झुंजार निव्वळ चोर उरतो.

आणखी एक. त्याला बालपणीचे दुःख देऊ नका. हल्ली प्रत्येक नायकाचा बाप पहिल्या रिळात मरतो. आमच्या ओटीवर पंधरातल्या एकानेही झुंजार असा का झाला हे विचारले नव्हते. आता पुढे काय, एवढेच विचारत होते. अडीच तास नकोत, पावणेदोन पुरे. मधेच डोळा मिचकावून 'बघा, आम्हीही हसतोय या जुन्या प्रकाराला' असे सुचवू नका. हसायचेच असेल तर दुसरा विषय घ्या.

शेवटी आमच्या अडचणीचे बोलतो. किन्हवलीहून मराठी सिनेमा पाहायचा तर कल्याण गाठावे लागते. संध्याकाळचा खेळ पाहिला तर परतीची गाडी मिळत नाही, आणि मराठीला दुपारचा खेळ मिळेलच असे नाही. ज्यांनी तुमचे नायक कंदिलाच्या उजेडात जगवले, ते तुमच्या तिकीटखिडकीपर्यंत पोचतच नाहीत. लहानपणी आम्ही सिनेमे पाहिले ते म्हशाच्या जत्रेत, तंबूत, घोंगडीवर बसून. रीळ तुटले की शिट्ट्या, जोडले की पुन्हा शिट्ट्या.

झुंजार केलात तर त्याचा एक खेळ तिथे लावा. म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते, आणि त्या रात्री कुणालाही शेवटच्या गाडीची घाई नसते.

आपला,
किन्हवलीचा एक जुना वाचक